बालेकिल्ल्याची शिळा

शनिवार, ११ ऑक्टोबर. सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी नैनाला ओढ्याच्या पाण्यात साबुदाणा दिसला.

रात्रभर भिजवून ठेवल्यासारखा टपोरा, काचेसारखा स्वच्छ. प्रत्येक दाण्याच्या पोटात एक पिवळट ठिपका. पण दाणे सुटे नव्हते. एका पारदर्शक दोऱ्यात ओवल्यासारखी त्यांची माळ होती, आणि ती माळ काठावरच्या झाडाच्या मुळाला अडकून प्रवाहात डोलत होती.

नैना बारा वर्षांची. तोंडात टूथब्रश, पायात आईच्या चपला. ती वाकून बघत होती, तेवढ्यात समोरचं लाकूड चालायला लागलं.

हो, चालायला! पाण्याखाली पडलेलं दोन फूट लांबीचं, तपकिरी, कुजकं लाकूड. त्याला आखूड, जाड पाय होते, आणि पायांना तान्ह्या बाळासारखी गुबगुबीत बोटं! ते वाळूवरून सावकाश पुढे सरकलं, तळातल्या एका खड्ड्याशी थांबलं, खड्ड्याभोवती एक फेरी मारली, मग दुसरी. मग ते काठाच्या सावलीत दिसेनासं झालं.

ब्रश गवतात पडला.

"आर्य! देवांग! लवकर या! पळत या!"

केबिनच्या पायऱ्या उतरत तिघं जण आले. पुढे अकरा वर्षांचा देवांग, गळ्यात कॅमेरा. मागे तेरा वर्षांचा आर्य, डोळे अर्धे मिटलेले. त्याच्या टी-शर्टचं टोक धरून त्याची सहा वर्षांची बहीण रुही.

"ब्रेकफास्टच्या आधी सायन्स नको, यार," आर्य जांभई देत म्हणाला.

"एक लाकूड चाललं!"

"मग आता परत झोपलं असेल. मीही जातो."

"हे बघ ना!" नैनाने माळ दाखवली.

रुही गुडघ्यांवर बसली. "साबुदाणा! वीणाकाकूंची खिचडी सांडली!"

"आज थालीपीठ आहे. खिचडी उद्या," देवांग म्हणाला. त्याने तीन फोटो काढले. "आणि साबुदाण्याला दोरा नसतो. ही एग्ज आहेत. पण बेडकाची एवढी मोठी? नो वे!"

ही मंडळी अल्फारेटाची. शाळांना फॉल ब्रेक लागला होता, म्हणून तीन कुटुंबांनी उत्तर जॉर्जियाच्या डोंगरात तीन दिवसांसाठी लाकडी केबिन घेतली होती. केबिनमागे ओढा होता. ओढ्याचं नाव इथे मुद्दाम दिलेलं नाही. त्याचं कारण पुढे येईल.

ओढ्याकाठी कालपासून किल्ला उभा होता. दिवाळी नऊ दिवसांवर आली होती आणि मराठी मंडळाची किल्ल्यांच्या फोटोंची स्पर्धा होती. गेल्या वर्षी अंगणात माती टाकली म्हणून सोसायटीकडून कडक पत्र आलं होतं. म्हणून यंदा कुमारकाकांनी किल्लाच डोंगरात आणला. कुमारकाका पूल बांधणारे इंजिनिअर, वय एकसष्ट, मूळचे नागपूरचे. सलग दोन वर्षं पहिलं बक्षीस त्यांचं. त्यांचा राजगड त्रेचाळीस चपट्या दगडांचा होता, आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस दगड ओढ्यातले. "ओढ्यातले दगड म्हणजे निसर्गाने रंधा मारून दिलेले!" असं ते म्हणत.

सर्वांत वर बालेकिल्ला. त्याच्याखाली दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सपाट शिळा. ती शोधली होती नैनाने. काल संध्याकाळी तिने आणि आर्यने काकांच्या मदतीने ती टॉवेलवर ठेवून ओढत आणली, तेव्हा काकांनी टाळ्या वाजवून जाहीर केलं होतं, "आजपासून नैना किल्लेदार!"

साडेआठला मुलं कुमारकाकांसमोर उभी राहिली. काका हातात लेव्हल, म्हणजे सपाटी मोजायची बुडबुड्याची पट्टी, घेऊन बुरूज तपासत होते.

"काका, ओढ्यात काहीतरी राहतं. मोठं! आणि त्याची एग्ज—"

"ओढ्यात बेडूक राहतात, किल्लेदार. बेडूक अंडी घालतात. यात बातमी काय?"

"बेडूक दोन फुटांचा नसतो," देवांग म्हणाला.

"पाण्यात सगळं मोठं दिसतं. दहावीत शिकाल." काकांनी बुडबुडा मध्यावर आणला आणि समाधानाने मान हलवली. "आता ऐका. चार वाजता डोंगराच्या खिंडीतून तिरपा उजेड येतो. तेव्हा फोटो. तोपर्यंत गडाला कोणीही हात लावायचा नाही. एक दगड हलला तर अख्खा राजगड खाली!"

"आणि समजा, गनीम आला तर?" आर्यने विचारलं.

"गनिमाला सांग, चारनंतर ये."

सव्वानऊला नैनाची आई सुलेखा चौघांना घेऊन डोंगर चढायला निघाली. ठरलेलाच बेत होता. वाट दोन मैलांची, वर कड्यापर्यंत. सुलेखामावशीचा नियम असा, की ट्रेकमध्ये सर्वांत लहान माणूस सर्वांत पुढे. तो थांबला की सगळे थांबणार.

"मावशी, मग आपण दिवाळीपर्यंत पोचू," आर्य म्हणाला, कारण रुही दर वीस पावलांवर थांबत होती. आधी लाल पानासाठी, मग काळ्या पाठीच्या गोगलगायीसाठी, मग झाडाच्या खोडात कान लावण्यासाठी.

"काय ऐकू येतंय?" सुलेखामावशीने विचारलं.

"आत कोणीतरी शांत बसलंय," रुही हळूच म्हणाली.

आर्य हसणार होता. पण त्यानेही कान लावला, आणि मग तो हसला नाही. ट्यूलिप पॉपलरचं ते झाड एवढं जाड होतं, की चौघांनी हात धरूनही वेढा पुरा झाला नाही. वर पाहिलं तर टोक धुक्यात शिरलेलं. पिवळी पानं एकेक करून इतक्या उंचावरून येत होती, की पान सुटताना दिसे आणि जमिनीवर टेकेपर्यंत रुहीचे दहा आकडे मोजून होत.

दहा वाजून पन्नास मिनिटांनी ते कड्यावर पोचले.

खाली दरी धुक्याने काठोकाठ भरली होती. पलीकडे डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक, प्रत्येक आधीपेक्षा फिकट निळी. शेवटची रांग कुठली आणि आकाश कुठलं ते ठरवता येईना. मग धुकं फाटलं, आणि तळाशी एक चमकती रेघ दिसली.

"आपला ओढा!" रुही ओरडली.

"तो किती जुना असेल, आई?"

"आपल्या सगळ्या आज्यांच्या आज्यांपेक्षा जुना," सुलेखामावशी म्हणाली.

कड्याजवळ माहितीचा फलक होता. देवांग असे फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा मुलगा. तो वाचता वाचता थांबला.

"नैना. इकडे ये. तुझं लाकूड."

फलकावर चित्र होतं. रुंद, चपटं डोकं, मोहरीएवढे डोळे, अंगाच्या दोन्ही बाजूंना कातडीच्या झालरी. नाव हेलबेंडर. पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या नात्यातला, उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या सॅलमँडरपैकी एक. तो कातडीच्या झालरींनी पाण्यातला प्राणवायू घेतो. तीस वर्षंसुद्धा जगतो. डायनॉसोर होते तेव्हाही साधारण असेच प्राणी पाण्यात होते.

"लोक याला स्नॉट ऑटरही म्हणतात," देवांगने वाचलं.

"शेंबडं पाणमांजर!" आर्य आणि रुही एकदम ओरडले, आणि रुही हसून हसून वाटेतच बसली.

नैना हसत नव्हती. ती पुढच्या ओळी वाचत होती. शरद ऋतूत मादी मोठ्या, सपाट दगडाखाली अंडी घालते आणि निघून जाते. नर त्या दगडाखाली राहून महिनोन् महिने अंड्यांची राखण करतो. दगड हलला तर अंडी वाहून जातात. घर बिघडलेला नर कधी कधी स्वतःचीच अंडी खाऊन टाकतो. कृपया ओढ्यातले दगड हलवू नका.

"तो खड्डा," नैना म्हणाली. "तो ज्याच्याभोवती फिरत होता. तिथूनच काल मी शिळा काढली. बालेकिल्ल्याची. मी त्याचं छप्पर काढलं, आई!"

"तुला माहीत नव्हतं, बाळा."

"पण आता माहीत आहे ना!"

फलकाच्या तळाशी फोन नंबर होता. खाली केबिनमध्ये फोनला रेंज नव्हती. इथे दोन काड्या होत्या. अकरा वाजून पाच मिनिटांनी सुलेखामावशीने फोन लावला आणि स्पीकर चालू केला. शनिवार असूनही तिसऱ्या रिंगला उत्तर आलं. डॉ. वॉरन नावाच्या जीवशास्त्रज्ञ होत्या. वन्यजीव खात्यासाठी त्या याच प्राण्यांची मोजणी करत.

त्यांनी नैनाकडून सगळं ऐकून घेतलं आणि चारच प्रश्न विचारले. शिळा कधी काढली? खड्ड्यात अंडी अजून आहेत का? नर जिवंत दिसला का? शिळा कशी होती ते कोणाला आठवतं का?

"आठवायला कशाला हवं?" देवांग फोनकडे झुकून म्हणाला. "कुमारकाका प्रत्येक दगडाचा काढण्याआधी फोटो काढायला लावतात. साइटवर करतात तसं. माझ्याकडे आहे!"

मग डॉ. वॉरन म्हणाल्या, "मुला, हे फार छान झालं. मला पोचायला तीन तास लागतील. तेवढा वेळ नाही. नीट ऐका."

सूचना थोड्याच होत्या. मोठं माणूस बरोबर हवं. अंड्यांना हात लावायचा नाही. प्राण्यालाही नाही. तो लांब असेल तेव्हाच शिळा ठेवायची. शेवाळाची बाजू वर, फोटोत आहे त्याच आधारांवर. प्रवाहाच्या खालच्या बाजूला फट मोकळी सोडायची, तोच त्याचा दरवाजा. आणि हळू. खूप हळू.

उतरताना सर्वांत लहान माणूस सर्वांत पुढे होता, आणि या वेळी तो एकदाही थांबला नाही.

बारा वीसला ते केबिनवर पोचले. वीणाकाकू, म्हणजे कुमारकाकांच्या पत्नी, डेकवर भेंडी चिरत होत्या. किल्ल्याशेजारी आरामखुर्चीत कुमारकाका झोपले होते, टोपी चेहऱ्यावर.

"मी उठवते त्यांना," सुलेखामावशी म्हणाली.

"मावशी, नको!" आर्यने तिचा हात धरला. "उठवलं तर आधी लेक्चर. मग लेव्हल. मग म्हणणार, चारनंतर!"

"खरं आहे ते," वीणाकाकू भेंडीवरून नजर न उचलता म्हणाल्या. "बत्तीस वर्षं झाली लग्नाला. फोटोआधी माणूस ऐकत नाही. पण झालंय काय?"

नैनाने दोन मिनिटांत सांगितलं. वीणाकाकूंचा हात थांबला.

"पण शिळा काढली की वरचं सगळं पडणार," देवांग म्हणाला. "आवाज झाला की काका जागे. तेवढीच सपाट, तेवढीच मोठी दुसरी वस्तू हवी. शिळा सरकवत काढायची, ती वस्तू सरकवत घालायची. टेबलक्लॉथ ट्रिक!"

"एवढं सपाट इथे काय आहे?"

चौघांनी एकदमच केबिनच्या दिवाणखान्याकडे पाहिलं. तिथे भिंतीला टेकून कुमारकाकांचा कॅरम उभा होता. नागपूरहून विमानातून आणलेला, तेवीस वर्षं पावडर खाऊन आरशासारखा झालेला कॅरम. त्यावर कोणी चहाचा कप ठेवला तरी काका तीन दिवस बोलत नसत.

"नाही," सुलेखामावशी म्हणाली.

"त्याच्याकडे वेळ नाहीये, आई," नैना म्हणाली.

वीणाकाकूंनी सुरी खाली ठेवली. "कॅरम त्यांचा असला, तरी पावडर मीच आणते. घ्या!"

कामाला पंचवीस मिनिटं लागली. वीणाकाकूंनी आणि सुलेखामावशीने बालेकिल्ला दोन्ही बाजूंनी तोलून धरला. आर्य एकीकडून शिळा ओढत होता, देवांग दुसरीकडून कॅरम ढकलत होता. रुहीचं काम टोपीवर लक्ष ठेवण्याचं. टोपी हलली की तिने बोट वर करायचं.

बोट एकदा वर झालं. सगळे पुतळे झाले. कुमारकाकांनी कूस बदलली, "एम-ट्वेंटी काँक्रीट" असं काहीसं पुटपुटले आणि पुन्हा घोरू लागले. आर्यचा चेहरा हसू दाबून जांभळा झाला.

शिळा सुटली. कॅरम बसला. बाहेर राहिलेल्या कडांवर रुहीने चिखल आणि शेवाळ थापलं. राजगड जसाच्या तसा!

शिळा टॉवेलवर घेऊन ते पाण्यापाशी गेले. पाणी इतकं थंड, की गुडघ्यापर्यंत जाताच श्वास अडकला. खड्ड्यात अंडी होती. सगळी नाही, पण होती. नैनाला मोजायची हिंमत झाली नाही.

"तो कुठे आहे?" सुलेखामावशीने कुजबुजत विचारलं.

"तिथे."

चार हातांवर, उथळ पाण्यात, तो उघड्यावर पडून होता. दिवसाढवळ्या, लपायला काही नसताना. कातडीच्या झालरी दोन्ही बाजूंनी लाटेसारख्या हलत होत्या. तो ओढ्याचा श्वास घेत होता. अंगावर सुरकुत्याच सुरकुत्या. इतकं जुनं, इतकं कुरूप आणि इतकं शांत काही त्यांनी याआधी पाहिलं नव्हतं. रुहीने त्याला पाणमांजर म्हटलं नाही. तिने हात जोडले, देवासमोर जोडतात तसे.

"फोटोत बघतोय. शिळेवरची पांढरी रेघ डाव्या हाताला," देवांग काठावरून सांगत होता. "आणखी. थोडी फिरव. स्टॉप! आता खाली."

नैनाच्या बोटांना संवेदना उरली नव्हती. शिळा इंच इंच खाली गेली. मागच्या आधाराला टेकली. मग पुढच्या. एक बारीक, जड आवाज झाला, आणि ती बसली. खालच्या बाजूला चार बोटं फट राहिली होती. घड्याळात एक वाजून दोन मिनिटं झाली होती.

ते काठावर येऊन पोटावर आडवे झाले. दहा मिनिटं. वीस. वीणाकाकूंनी थालीपिठं आणून दिली, तीही त्यांनी झोपूनच खाल्ली. एक वाजून एकेचाळीस मिनिटांनी तो हलला. प्रवाहाविरुद्ध, बाळाच्या बोटांनी एकेक खडा चाचपत तो शिळेशी आला. दरवाजा हुंगावा तसा थांबला. मग आधी डोकं, मग खांदे, मग ती लांब चपटी शेपूट. आत!

कोणी टाळी वाजवली नाही. आर्यने फक्त नैनाच्या पाठीवर हात ठेवला.

दोन वाजून दहा मिनिटांनी डॉ. वॉरन आल्या, तळाला काच लावलेली बादली घेऊन. आवाजाने कुमारकाका उठले, टोपी नीट केली आणि पाहुण्यांना पाहून खुलले.

"किल्ला बघायला आलात? उत्तम! ओढ्यातलाच दगड आहे सगळा. ही मुख्य शिळा तर—" त्यांनी बालेकिल्ल्याखाली बोटाने ठोकलं.

टक. टक.

काकांचा हात थांबला. त्यांनी पुन्हा ठोकलं. टक. नखाने थोडा चिखल खरवडला. खाली लाल वर्तुळाचा तुकडा चमकला.

"कॅरमवर," कुमारकाका अगदी हळू म्हणाले, "चिखल?"

"काका, मी सांगते," नैना पुढे आली. "शिळा मी शोधली होती. परतही मीच ठेवली. ती त्याच्या घराचं छप्पर होती. तुम्ही चारपर्यंत थांबायला सांगितलं, पण त्याला थांबता येत नव्हतं."

डॉ. वॉरननी बादली काकांच्या हातात दिली. पँट गुडघ्यावर दुमडून काका पाण्यात गेले, बादलीचा तळ पाण्यावर टेकवला आणि आत पाहिलं. बराच वेळ ते तसेच वाकून राहिले. शिळेच्या फटीतून एक रुंद डोकं त्यांच्याकडे पाहत होतं.

"वय किती असेल याचं?"

"आकारावरून पंचवीस तरी," डॉ. वॉरन म्हणाल्या.

"म्हणजे मी जॉर्जियात आलो तेव्हा हा इथे होता?"

"बहुतेक याच शिळेखाली. पण ओढ्याचं नाव कुठे छापू नका. यांना चोरून नेणारेही असतात."

काका बाहेर आले. त्यांनी घड्याळ पाहिलं. उजेड यायला पावणेदोन तास होते. मग त्यांनी आपल्या हाताने बालेकिल्ल्याचा कळस उतरवला.

"काका, फोटो?" देवांगने विचारलं.

"तुझ्याकडे प्रत्येक दगडाच्या जागेचा फोटो आहे ना? तोच लागणार आहे आता. डॉक्टर, सांगा, कुठला दगड कुठे."

चार वाजता खिंडीतून तिरपा उजेड आला, तेव्हा काठावर किल्ला नव्हता. चिखलाने भरलेला एक कॅरम होता, आणि पाण्यात ओणवे झालेले सगळे जण. शेवटचा दगड ठेवून झाल्यावर कुमारकाकांनी नैनाच्या शिळेवर लेव्हल टेकवली. बुडबुडा मध्यावर थांबला.

"एकतीस वर्षं पूल बांधतोय," ते म्हणाले. "मला न विचारता केलेलं कुठलंही काम मी आजवर पास केलेलं नाही. हे पास. शाब्बास, किल्लेदार!"

"आणि कॅरमचं?" आर्यने विचारलं.

"त्याबद्दल मी तुमच्याशी तीन दिवस बोलणार नाही."

पुढची माहिती डॉ. वॉरन यांच्या ६ डिसेंबरच्या ईमेलमधून. शिळेसमोर पाण्यात एक छोटा कॅमेरा बसवला होता. शिळा उचलून बघायची नाही. तीच चूक पुन्हा होईल. खड्ड्यात ११ ऑक्टोबरला साधारण दीडशे अंडी उरली होती. नर परत आला, हे चांगलं. परत आलेले सगळेच नर अंडी राखतात असं नाही.

४ डिसेंबरला ओढ्याला पूर आला. शिळा जागच्या जागी आहे. कॅमेरा पाव मैल खाली सापडला. त्याच्या मेमरी कार्डात पाणी गेलं असून ते ऑफिसमध्ये वाळत ठेवलं आहे.

पुराआधी मिळालेला शेवटचा फोटो २२ नोव्हेंबरचा, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांचा. शिळेच्या फटीत एक रुंद, चपटं डोकं, आणि त्याच्या मागे अंधार. त्या अंधारात काय आहे, हे ६ डिसेंबरपर्यंत कोणालाही माहीत नाही.